चासेन: बांबूच्या एका तुकड्यातून दीडशे काड्या, आणि त्याला एवढे पैसे का?

मुक्काम_ओसाका (धागाकर्ता)

नमस्कार. काही महिन्यांपूर्वी माचा, म्हणजे पूड करून पाण्यात घुसळायच्या जपानी चहाच्या, धाग्यावर मी चासेनचा, म्हणजे तो चहा घुसळण्याच्या बांबूच्या साधनाचा, ओझरता उल्लेख केला होता. त्यावर दोन-तीन सदस्यांनी, वीतभरही उंची नसलेल्या या वस्तूला जपानमध्ये अडीच-तीन हजार रुपये का पडतात, असे विचारले होते. प्रश्न रास्त होता आणि माझ्यापाशी त्याचे धड उत्तर नव्हते. म्हणून जानेवारीच्या शेवटच्या रविवारी नारा प्रांतातील इकोमा शहराच्या उत्तरेला असलेल्या ताकायामा या गावी जाऊन आलो. जपानमध्ये तयार होणाऱ्या चासेनांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास चासेने या एका गावातली असतात.

गावात शिरताना प्रथम दिसतात ती शेते. भात निघाल्यावर रिकाम्या झालेल्या खाचरांत बांबूचे सोट एकमेकांना टेकवून, आपल्याकडे कडब्याची बुचाडे लावतात तसे शंकूच्या आकारात उभे केलेले असतात. हे बांबू आधी उकळत्या पाण्यातून काढून त्यांच्यातील तेलकट अंश घालवलेला असतो, आणि मग भर थंडीच्या कोरड्या उन्हात ते हिरव्याचे फिकट पिवळे होईपर्यंत वाळवले जातात. त्यानंतरही लगेच काम सुरू होत नाही. बांबू आणखी वर्ष-दोन वर्षे कोठारात मुरतो, आणि त्या काळात चिरलेले, वाकलेले, डाग पडलेले बाजूला निघतात.

पुढचे काम मांडी घालून, सुरी आणि बोटे एवढ्याच भांडवलावर चालते. अकरा-बारा सेंटिमीटर लांब आणि दोन-अडीच सेंटिमीटर जाड असा तुकडा घ्यायचा, वरच्या अर्ध्या भागाची साल काढायची आणि तेवढाच भाग उभा चिरून त्याच्या, समजा, सोळा पट्ट्या करायच्या. खालचा अर्धा भाग अखंड राहतो, तीच मूठ. पट्ट्या बाहेर वळवून त्यांच्या आतला मऊ गाभा काढून टाकतात आणि सालीलगतचा चिवट थर तेवढा ठेवतात. मग प्रत्येक पट्टीचे दहा भाग होतात. एक रुंद, एक अरुंद, पुन्हा एक रुंद, या क्रमाने. सोळा दाहे एकशे साठ. रुंद ऐंशी काड्या बाहेरच्या कड्यात जातात, अरुंद ऐंशी आतल्या, आणि अशा चासेनला 'ऐंशीचे' म्हणतात, कारण मोजणी फक्त बाहेरच्या कड्याची होते. म्हणजे शीर्षकातले 'दीडशे' मी उगाच फुगवलेले नाही. उलट दहा कमीच सांगितले आहेत.

यापुढची पायरी 'अजिकेझुरी' या नावाची आहे. 'अजि' म्हणजे चव आणि 'केझुरी' म्हणजे तासणे, थोडक्यात चवीसाठीची तासणी. काड्यांची टोके गरम पाण्यात भिजवून मऊ करतात आणि प्रत्येक काडी बुडापासून टोकाकडे आतल्या बाजूने तासत नेतात, ती इतकी की टोकाशी उजेड आरपार दिसावा. तासून झाल्यावर टोकांना आत वळण देतात. मी पाहिलेल्या वृद्ध कारागिरांची नजर त्या वेळी सुरीवर नव्हतीच. डाव्या अंगठ्याला काडीची जाडी कळत होती आणि उजवा हात त्यानुसार कमी-जास्त दाबत होता. यानंतर बाहेरच्या प्रत्येक काडीच्या दोन्ही कडा हलकेच मारतात, म्हणजे चहाची पूड तिथे अडकून बसत नाही. शेवटी दोरा विणून आतली आणि बाहेरची कडी वेगळी करतात आणि वेड्यावाकड्या काड्या एकेक करून ओळीत आणतात. दोऱ्याचे काम पूर्वापार घरातील स्त्रिया करीत आल्या आहेत.

मी पाच हजार येनांना एक ऐंशीचे चासेन घेतले. ही रक्कम अधिक आहे की कमी, हे आता आपण सर्वांनी ठरवावे.

तिरकस

लेख माहितीपूर्ण आहे. तरीही विरोधी बाजू कोणीतरी मांडली पाहिजे, म्हणून मी मांडतो. मी पुण्यात ऑनलाइन साडेचारशे रुपयांचे चासेन मागवले. ते चीनमध्ये तयार झालेले आहे, शंभर काड्यांचे आहे असे डबीवर छापलेले आहे आणि त्याने फेस येतो. सहापट किमतीच्या चासेनने सहापट फेस येतो काय? येत नसेल, तर आपण चहाचे पैसे देत आहोत की कथेचे?

दुसरी शंका अशी. आपली ताकाची रवी एकदा आणली की दोन पिढ्या चालते. ही वस्तू एवढ्या कष्टाने घडवायची आणि ती काही महिन्यांत मोडायची, यात कारागिरी कोणती? टिकाऊपणा हा कारागिरीचा पहिला निकष नव्हे काय?

आंबेमोहोर

तिरकस यांच्या दुसऱ्या शंकेबाबत प्रथम लिहिते. मी टोरांटोला राहते आणि सहा वर्षांपासून उरासेन्के परंपरेत चहाविधी शिकत आहे.

रवीचे काम आणि चासेनचे काम यांत मूलभूत फरक आहे. रवी गोल फिरते आणि स्निग्धांशाचे कण एकमेकांवर आपटून त्यांचा गोळा व्हावा, म्हणजे लोणी वेगळे निघावे, हा तिचा हेतू असतो. चासेनला नेमके उलटे करायचे असते. माचा पाण्यात विरघळत नाही. ते दगडी जात्यावर दळलेल्या चहाच्या पानाचे अतिशय बारीक पीठ असते आणि ते पाण्यात नुसते तरंगत ठेवायचे असते. त्यामुळे चासेन गोल फिरवत नाहीत, मनगट सैल ठेवून पुढे-मागे झपाझप चालवतात. आतले कडे गुठळ्या फोडते, बाहेरचे कडे हवा आत ओढते आणि चहातील सॅपोनिन हा घटक तो फेस धरून ठेवतो. रिठ्याचा फेस येतो तोही त्याच जातीच्या घटकामुळे.

आता टिकाऊपणाविषयी. चहाचे वाडगे ही यजमानाची सर्वांत मोलाची वस्तू असते. ते कधी कधी तीन-चारशे वर्षांपूर्वीचे असते आणि त्याच्या तळाशी चासेनची टोके दिवसेंदिवस घासली जातात. दोहोंपैकी एकाने झिजायचे असेल, तर ते चासेनने झिजावे, अशी ही व्यवस्था आहे. धातूच्या विजेवरच्या घुसळणीने फेस भरपूर येतो हे खरे, परंतु त्याचे बुडबुडे मोठे असतात आणि वाडग्याच्या झिलईवर ओरखडे उठतात. शिवाय औपचारिक विधीत पाहुण्यांसाठी नवे, कोरे चासेन काढण्याची रीत आहे. वाडगे जुने असावे आणि चासेन नवे असावे, हा आमच्याकडचा शिष्टाचार.

मुक्काम_ओसाका

आंबेमोहोरताई, आभार. तिरकस यांच्या पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण घरी माझ्याकडे दोन्ही प्रकारची चासेने आहेत आणि मी ती शेजारी ठेवून पाहिली आहेत.

फेस दोन्हींनी येतो, हे मी मान्य करतो. फरक काड्यांच्या जाडीत आहे. स्वस्त चासेनची काडी बुडापासून टोकापर्यंत जवळजवळ सारख्या जाडीची आहे, त्यामुळे ती लवचीकपणे वाकत नाही. ताठ राहते आणि एके दिवशी मुळाशी कटकन तुटते. ताकायामाच्या चासेनची काडी टोकाकडे पातळ होत गेलेली असल्यामुळे सबंध लांबीभर वाकते, आणि तुटलीच तर आधी टोकाचा बारीक तुकडा जातो. स्वस्त चासेनची पहिली काडी माझ्या चहात तिसऱ्या आठवड्यात सापडली. दुसऱ्याचे आता पाच महिने होत आले आहेत. आतले कडे थोडे विसकटले आहे, काडी एकही गेलेली नाही. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे आपण म्हणण्याआधी मीच म्हणून ठेवतो.

मात्र चीनमधील चासेन म्हणजे नक्कल, असे मला मुळीच म्हणायचे नाही. चहाची पूड घुसळून पिण्याची पद्धत सोंग राजवटीतील चीनची आहे. सम्राट हुइत्सोंग याने ११०७ साली चहावर लिहिलेल्या ग्रंथात घुसळणी जुन्या बांबूची असावी, तिची मूठ जड असावी, असे स्वतः नमूद केले आहे. पुढे १३९१ साली मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने दाबलेल्या वड्यांच्या चहाचा नजराणा बंद केला, सुट्या पानांचा चहा रूढ झाला आणि घुसळणी तिच्या जन्मभूमीत मागे पडली. जपानमध्ये ती झेन मठांबरोबर आधीच पोहोचली होती, म्हणून टिकली.

कळकीचे_बेट

आमची कुडाळ तालुक्यात माणग्याची लागवड आहे, म्हणून मला चहापेक्षा बांबूत रस आहे. तीन गोष्टी विचारतो. हा बांबू कोणता? किती वर्षांचा तोडतात? आणि तोडणी कोणत्या महिन्यात होते? आमच्याकडे कोवळी काठी तोडली किंवा चुकीच्या दिवसांत तोडली की भुंगा लागतो आणि वर्षभरात तिचे पीठ होऊन खाली सांडते.

मुक्काम_ओसाका

काका, बांबूचे नाव हाचिकु. तो आपल्या माणग्यासारखा बेट करून वाढत नाही. त्याची मुळे जमिनीखाली लांबवर धावतात आणि सोट सुटे सुटे वर येतात, त्यामुळे त्यांची राई होते. सोट साधारण तीन वर्षांचा झाला की तोडतात. त्याहून कोवळा मऊ पडतो आणि फार जुना ठिसूळ होतो. तोडणी हिवाळ्यात होते, आणि कारण आपण म्हणता तेच: त्या दिवसांत बांबूत पाणी आणि साखर कमी असते, म्हणून कीड लागत नाही. चासेनला हाचिकु आवडतो तो त्याचे धागे बारीक आणि सरळ असल्यामुळे. एकदा चीर पडली की ती इकडेतिकडे न पळता उभी खाली उतरते.

आणखी दोन प्रकारचे बांबू वापरात आहेत. शिचिकु हा काळपट-जांभळा बांबू, आणि सुसुदाके म्हणजे धुरावलेला बांबू. जुन्या गवती छपराच्या शेतघरांत मध्यभागी चूल असे आणि छताचे बांबू शंभर-दीडशे वर्षे तिचा धूर पीत राहत. घर पाडले की ते बांबू चासेनवाल्याकडे येत. त्यांचा रंग तपकिरी असतो, आणि जिथे दोरीने बांधलेले असत तिथे फिकट पट्टा उरतो. आता तशी घरेच राहिली नाहीत, त्यामुळे सुसुदाके दुर्मीळ झाला आहे. शिवाय इतक्या वर्षांचा कोरडा बांबू चिरताना मोडतोही अधिक.

आंबेमोहोर

यात एक भर घालते. हे तीन बांबू तीन घराण्यांत वाटले गेले आहेत. आमच्या उरासेन्केत हाचिकुचे फिकट चासेन वापरतात, ओमोतेसेन्केत सुसुदाकेचे आणि मुशाकोजिसेन्केत शिचिकुचे. ही तिन्ही घराणी सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्याच वंशातील आहेत. घराणे बदलले की काड्यांचे वळणही थोडे बदलते, त्यामुळे ताकायामात चासेनचे शंभरांहून अधिक प्रकार होतात. संगीतातली घराणी ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यात नवल वाटू नये.

काड्यांची संख्या मात्र घराण्यावर नव्हे, तर चहावर ठरते. उसुचा म्हणजे पातळ चहा. त्याला सत्तर, ऐंशी, शंभर काड्या लागतात. कोइचा म्हणजे दाट चहा. त्यात पूड जवळजवळ दुप्पट आणि पाणी निम्मे असते. तो घुसळत नाहीत, मळतात. क्रियापदच वेगळे आहे. तिथे बारीक काड्या टिकणार नाहीत, म्हणून कमी आणि जाड काड्यांचे चासेन घेतात. तिरकस यांच्या डबीवर 'शंभर' छापलेले आहे म्हणून ते ऐंशीच्यापेक्षा चांगले, असा अर्थ होत नाही. नवशिक्याला फेस काढणे सोपे जाते, एवढेच.

कळकीचे_बेट

उत्तराबद्दल आभारी आहे. हाचिकुला फुलोरा किती वर्षांनी येतो? हे विचारण्याचे कारण असे की आमच्या आजोबांना कळक फुललेली पाहून धडकी भरत असे. मिझोराममध्ये १९५९ आणि २००७ साली बांबू फुलला, उंदीर माजले आणि धान्य संपले, हे आपण सर्वांनी वाचले आहे.

मुक्काम_ओसाका

काका, आपण मर्मावर बोट ठेवले. मिझोरामच्या बांबूचे चक्र अठ्ठेचाळीस वर्षांचे आहे. हाचिकुचे एकशेवीस वर्षांचे मानतात. यापूर्वीचा मोठा फुलोरा १९०८ च्या सुमारास येऊन गेला, म्हणजे हिशेबाने तो आता आलाच आहे. हिरोशिमा विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली फुललेल्या एका राईचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध केला. त्या राईतील सुमारे ऐंशी टक्के सोट फुलले, परंतु रुजेल असे बी एकही मिळाले नाही, आणि फुललेले सोट वाळून गेले. गेल्या शतकात हाचिकु पुन्हा उभा राहिला, त्या अर्थी जमिनीखालचे मूळ कुठेतरी तग धरत असावे. पण फुललेल्या राईतून पुन्हा चासेनजोगता सोट मिळायला बराच काळ जाईल. कोठारात बांबू मुरवत ठेवण्याच्या सवयीकडे मी यानंतर वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

तिरकस

बांबूचे पटले. आता इतिहासाकडे वळतो, कारण अशा गावांना पाचशे वर्षांची एक गोड कथा चिकटलेली असतेच.

मुक्काम_ओसाका

आहे, आणि मी ती कथा म्हणूनच सांगतो. पंधराव्या शतकात ताकायामाच्या किल्लेदाराचा धाकटा मुलगा सोझेई हा रेंगा या साखळीकाव्यात नावाजलेला होता. चहाविधीचा आद्य पुरुष मानला जाणारा मुराता जुको (१४२३–१५०२) हा त्याचा स्नेही, आणि त्याच्या सांगण्यावरून सोझेईने चासेन घडवले. जुकोने ते सम्राट गो-त्सुचिमिकादो यांना दाखवले आणि सम्राटांनी त्या चासेनला 'ताकाहो' असे नाव दिले, असे गावात सांगतात. तारखा जुळवून पाहिल्या, तर सोझेईचा मृत्यू १४५५ सालचा आणि हे सम्राट १४६४ साली गादीवर आलेले; म्हणजे कौतुक झाले असेल, तर ते कर्त्याच्या पश्चात झाले.

कथेपेक्षा मला पुढचा भाग अधिक विश्वासार्ह वाटतो. किल्लेदार घराण्याची सत्ता गेली, परंतु त्याच्या सोळा सेवकांच्या घराण्यांकडे ही विद्या राहिली. ती प्रत्येक घरात एकाच वारसाला शिकवली जाई, आणि काम रात्री, दारे लावून चाले. आज गावात चासेन घडवणारी वीसच्या आतबाहेर घराणी उरली आहेत. तानिमुरा तान्गो या नावाने काम करणारे कारागीर आपल्या घराण्यातले विसावे आहेत. १९७५ साली जपान सरकारने 'ताकायामा चासेन'ला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला.

सूप_टोपली

मी बुरूड कुटुंबातील आहे. आजोबा सुपे, टोपल्या, कणगे विणत. वडिलांनी ते काम सोडले. वरच्या प्रतिसादांत 'घराणे', 'विद्या', 'सम्राट' हे शब्द वाचून एक विचारावेसे वाटले. आमच्याकडे बांबूचे काम करणाऱ्यास कोणी विद्यावंत म्हटले नाही; लग्नात सूप आमचे चाले, पंगतीत आम्ही चालत नव्हतो. जपानमध्ये सर्वच बांबूकाम करणारे असे प्रतिष्ठित होते काय?

मुक्काम_ओसाका

नव्हते. आपण विचारले नसते तर ही बाजू माझ्याकडून राहून गेली असती, याची मला खंत वाटते. एदो काळात (१६०३–१८६८) जपानच्या होन्शू या मुख्य बेटाच्या पश्चिम भागात एका वंचित समाजाचे नावच 'चासेन' होते. ते चासेने आणि इतर बांबूच्या वस्तू करून विकत, आणि खालचे समजले जात. क्योतोतही कूया या दहाव्या शतकातील भिक्षूचे नाव घेणारे, वाडगी वाजवत फिरणारे लोक वर्षअखेरीस चासेने विकत हिंडत. म्हणजे वस्तू तीच, बांबू तोच. एका गावच्या कारागिराला दरबारी नाव मिळाले आणि दुसरीकडे वस्तूचेच नाव जातीसारखे माणसांना चिकटले. माझ्या मते फरक कौशल्यात नव्हता, गिऱ्हाईक कोण होते यात होता. ताकायामाचे गिऱ्हाईक सरदार आणि चहागुरू होते.

सूप_टोपली

प्रामाणिक उत्तर दिल्याबद्दल आभार. आपण वर्णन केलेले गाभा काढून पाठ ठेवण्याचे काम आजोबाही करीत. पाठीच्या कांबी सुपाच्या काठाला आणि पोटाकडच्या भरणीला. चासेनमध्ये पोट सगळेच टाकून देतात, हे वाचून त्यांना हळहळ वाटली असती.

ठाण्याचा_पाऊस

एक व्यावहारिक अडचण मांडतो. माझ्या चासेनला जुलैमध्ये बुरशी आली. रोज धुऊन, ज्या प्लास्टिकच्या डबीत आले होते तिच्यातच ठेवत होतो.

आंबेमोहोर

डबी हेच कारण. ती केवळ प्रवासासाठी असते. चासेन घरी आले की टाकून द्यावी. वापरण्यापूर्वी टोके अर्धा मिनिट गरम पाण्यात बुडवावीत, म्हणजे काड्या मऊ होतात आणि तुटत नाहीत. वापरानंतर नुसत्या कोमट पाण्यात घुसळून स्वच्छ करावे, साबण लावू नये. बांबू वास धरतो. मग कुसेनाओशी म्हणजे चिनी मातीचा जो छोटा भोवऱ्यासारखा ठोकळा मिळतो, त्यावर चढवून हवेशीर जागी ठेवावे. त्याने काड्यांचे वळण टिकते. मात्र चासेन ओले असताना त्यावर चढवल्यास मुळाशी ओल कोंडते, म्हणून ठाण्याच्या पावसाळ्यात आधी काही तास पंख्याखाली ठेवावे. बुरशी मुळापर्यंत गेलेली असल्यास ते चासेन चहासाठी वापरू नये.

तिरकस

म्हणजे साडेचारशेचे असो की पाच हजार येनांचे, ठाण्यात दोघांचे मरण सारखेच. आणि मेल्यावर काय करतात? कचऱ्यात टाकतात?

आंबेमोहोर

झिजलेली चासेने वर्षभर जमवून ठेवतात आणि 'चासेन कुयो' नावाच्या विधीत मंदिराच्या आवारात अग्नीला देतात. कुयो म्हणजे कृतज्ञतेने केलेले श्राद्धच म्हणा. काही मंदिरांत चासेनसाठी उभारलेला दगडही असतो. आमच्या टोरांटोच्या वर्गात तशी सोय नाही. आमच्या गुरू जुनी चासेने एका खोक्यात ठेवतात आणि क्योतोला जाताना बरोबर नेतात. मागील वर्षी विमानतळावरील तपासनिसाने ते खोके उघडून, ही मोडकी वस्तू परत का नेता, असे त्यांना विचारले होते.

तिरकस

मुक्काम_ओसाका, आपण दिवाळीत पुण्याला येणार असल्याचे दुसऱ्या धाग्यावर वाचले. येताना एक ऐंशीचे, हाचिकुचे आणावे. पैसे आगाऊ पाठवतो. मत बदललेले नाही, फक्त माझ्या साडेचारशेच्या चासेनची काडी काल चहात सापडली.

मुक्काम_ओसाका

आणतो. कुसेनाओशीही आणू का, तेवढे कळवावे. ते वेगळे घ्यावे लागते.